खुर्चीतल्या माणसाचं मत

९ जून

रोज चार ओळी लिहायच्या, असं संध्याकाळच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलंय. काहीही लिहा, कुणी वाचणार नाही, कुणी तपासणार नाही. कुणी वाचायचंच नाही तर लिहायचं कशाला, हे विचारणार होतो. तोंडातून निघालं, ‘बरं बाई.’

तर लिहितो. पन्नाशी ओलांडल्यावर दहावीला बसलो. गणितात पास, विज्ञानात पास, इतिहास-भूगोलात पास, परक्या भाषेतसुद्धा रडतखडत पास. आणि नापास कशात, तर आपल्या स्वतःच्या भाषेत! सकाळी शटर वर केल्यापासून रात्री खाली ओढेपर्यंत जो माणूस तोंड मिटत नाही, तो भाषेत नापास. सलूनमध्ये ही बातमी फुटली तेव्हा वकीलसाहेब फेसातून इतके हसले की मला वस्तरा बाजूला धरावा लागला.

हे सगळं सुरू झालं संचालकांमुळे. केस कापायचं शिक्षण देणारी संस्था चालवतात. माझं जुनं गिऱ्हाईक. म्हणाले, तुमच्यासारखा माणूस शिकवायला हवा, जागा आहे, फक्त शिक्षक दहावी पास लागतो, नियम आहे. मी म्हणालो, त्यात काय. आता फेरपरीक्षेच्या निकालापर्यंत जागा राखून ठेवतो म्हणालेत. त्यानंतर नाही.

भिंतीला आरसा टांगून एका स्टुलावर धंदा सुरू केला होता. आज चार खुर्च्या आहेत. लोक मला काका म्हणतात, शेठ म्हणतात, पोरं मालक म्हणतात. सर कुणी म्हणत नाही. हे फक्त इथे लिहितोय.

१७ जून

संध्याकाळचा वर्ग लहान मुलांच्या शाळेत भरतो. बाक त्यांच्या मापाचे. गुडघे आत जात नाहीत, गेले तर बाहेर येत नाहीत. मी खिडकीजवळचा बाक धरलाय. आठवीतही माझा बाक खिडकीजवळच होता. खडूचा वास अगदी तोच.

बाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. मागच्या बाकावरची दोघं कुजबुजली, ‘या काकांना आता पास होऊन कुठे कलेक्टर व्हायचंय?’ माझे कान तिखट आहेत. आरशात न बघता चौथ्या खुर्चीवरचं बोलणं मला ऐकू येतं. मागे वळून हसलो आणि म्हणालो, ‘खरंय बाबा.’ नंतर तासभर चिडचिड झाली. त्यांच्यावर नाही. बाकावर. फारच अरुंद आहे.

२ जुलै

पहिला निबंध परत मिळाला. विषय होता, शाळेत गणवेश असावा का, तुमचे मत लिहा.

मी चांगला दीड पान लिहिला होता. गणवेश असावा म्हणणारे बरोबरच म्हणतात, त्याने गरीब-श्रीमंत कळत नाही. नसावा म्हणणाऱ्यांचंही काही चूक नाही, मुलांना हौस असते. शेवटी ज्याला जे योग्य वाटेल ते त्याने करावं. कुणाचं मन दुखावलं नाही, सगळं कसं गुळगुळीत झालं होतं.

बाईंनी खाली लाल पेनाने विचारलंय, ‘तुमचं मत?’

‘आहे ना बाई,’ मी म्हणालो, ‘दोन्ही आहेत की.’

‘दोन्ही म्हणजे एकही नाही, काका.’

वर्ग हसला. मीही हसलो. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. अहो बाई, आमच्या धंद्यात खुर्चीत बसलेला माणूस बरोबर असतो. ज्याच्या गळ्यावर आपला वस्तरा आहे त्याच्याशी वाद घालायचा नसतो, त्यात त्याचंही भलं नाही आणि आपलंही नाही. वकीलसाहेब म्हणतात महागाई लोकांमुळे वाढली, मी म्हणतो खरंय. त्यांच्यामागे टॅक्सीवाला बसतो, म्हणतो महागाई वकिलांमुळे वाढली. मी म्हणतो, अगदी मनातलं बोललात. दोघंही परत येतात. मामाने हेच शिकवलं. त्याच्याच दुकानात मी वस्तरा धरायला शिकलो. हात कुणाच्याही डोक्यावर असो, जीभ त्याच्या बाजूने पाहिजे, असं तो म्हणायचा.

आता या वयात मत कुठून आणू?

१५ जुलै

मत आणलं. निबंध होता, शहरं वाढतात ते चांगलं की वाईट. मी ठरवलं, मत नाही ना आपल्याकडे, मग ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून घ्यावं. कारागिराकडे एखादं हत्यार नसलं तर तो शेजारच्या दुकानातून आणतोच की. वकीलसाहेबांची दाढी करता करता विचारलं, त्यांनी भाषण ठोकलं. टॅक्सीवाल्याचे कल्ले करताना विचारलं, तो तर खुर्चीतून उठून बोलायला लागला. सगळं डोक्यात ठेवलं आणि रात्री उतरवलं. पहिला परिच्छेद वकीलसाहेब, दुसरा टॅक्सीवाला. मध्ये ‘तसेच’ टाकलं.

बाईंनी वाचून कपाळाला हात लावला. ‘काका, पहिल्या परिच्छेदात तुम्ही खटला लढवताय आणि दुसऱ्यात शिव्या द्यायच्या बेतात आहात. या सगळ्यात तुम्ही कुठे आहात?’

‘मी ऐकत होतो बाई.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं त्यांनाही पटलं असावं.

गुण मात्र भोपळा.

३१ जुलै

आजचा विषय सोपा होता. शाळेतला एक प्रसंग. यात मत-बित काही नाही, झालं तसं लिहायचं. मी शाळा सोडली तो दिवस लिहिला.

मुख्याध्यापकांची खोली. टेबलावर काचेचा पेपरवेट, त्यात निळं फूल. माझे वडील उभे, मामा उभा, मी मध्ये. त्या सहामाहीला भूगोलात माझा पहिला नंबर होता, नकाशा मी न बघता काढायचो. मुख्याध्यापक म्हणाले, ‘याला शाळेची फारशी गोडी दिसत नाही. काय रे?’ मी म्हणालो, ‘हो सर.’ वडील म्हणाले, ‘मामाच्या दुकानात बसशील ना?’ म्हणालो, ‘हो.’ मामा म्हणाला, ‘खूश आहेस ना लेका?’ म्हणालो, ‘हो मामा.’ सगळ्यांची तोंडं उजळली. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली, म्हणाले, ‘शहाणा मुलगा आहे, याने कधी कुणाला त्रास दिला नाही.’ बाहेर आल्यावर वडिलांनी मला लिंबाचं सरबत पाजलं.

कुणी जबरदस्ती केली नाही. लोक उगाच सांगतात, आम्हाला शिकू दिलं नाही वगैरे. मी स्वतःच्या तोंडाने हो म्हणून शाळा सोडली.

बाईंनी एकही लाल खूण केली नाही. फक्त विचारलं, ‘आणि तुम्हाला काय वाटलं होतं?’

‘काय वाटायचं? सगळे खूश होते.’

‘तुम्हाला, काका.’

बाई फार खोदतात. वर्ग सुटायची वेळ झाली म्हणून बरं.

२० ऑगस्ट

सलूनचं काम निघालंय. मुलाला सगळं नवीन हवंय. मधली भिंत पाडणार, पांढरे दिवे लावणार, जुन्या लोखंडी खुर्च्या काढणार. त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. पोरगा हुशार आहे, मेहनती आहे, यात शंका नाही.

‘चालेल ना बाबा?’

‘चालेल की.’

त्या खुर्च्या मी एकेक करून जमवल्या होत्या. पहिली घेतली तेव्हा दोन दिवस स्वतःच तिच्यात बसून पाहिलं होतं. आज टेम्पो आला. भंगारवाल्याने त्या आत उलट्या टाकल्या, पाय वर. मी दारात उभा राहून म्हणालो, ‘सांभाळून रे, डावीकडून घे.’ मग दुपारभर कुणावर तरी ओरडावंसं वाटत होतं. शेवटी बेसिनचा नळ गळत होता, त्याच्यावर ओरडलो.

हिने घरी विचारलं, ‘खुर्च्या गेल्या?’

‘गेल्या.’

‘तुम्ही चालेल म्हणालात?’

‘त्याला वाईट वाटलं असतं ना.’

ही स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात ठेवत होती.

१३ सप्टेंबर

आज घरात कारण नसताना तमाशा. हिने विचारलं, ‘जेवायला काय करू?’ मी म्हणालो, ‘काहीही.’ यात चिडण्यासारखं काय आहे? आयुष्यभर मी कधी ताटात काही टाकलं नाही, कधी नावं ठेवली नाहीत.

‘काहीही नावाची भाजी बाजारात मिळत नाही,’ ही म्हणाली. ‘इतकी वर्षं तुमच्या तोंडाकडे बघून ओळखतेय मी. थोडं जास्त घेतलं की समजायचं आवडलं. अहो, तुमच्याशी संसार करणं म्हणजे मुक्याला पत्ता विचारण्यासारखं आहे. आणि लोक मला सांगतात, वहिनी, तुमचे हे किती बोलके!’

‘अगं, पण मी भांडतो का कधी?’

‘भांडा की! एकदा भांडा, निदान कळेल तरी घरात कोण राहतं ते!’

मी म्हणालो, ‘बरं.’ तर ही हातातलं फडकं आपटून निघून गेली.

त्यात बाईंनी सराव परीक्षेत पुन्हा नापास केलंय. लेखनात मार खाल्ला. त्या म्हणतात, ‘व्याकरण तुमचं चांगलं आहे, काका. कान चांगला आहे ना तुमचा. पण कागदावर तुम्ही दिसतच नाही.’ कागदावर मी कशाला दिसायला हवा? तिथे माझा आसन क्रमांक असतो.

८ ऑक्टोबर

वेळापत्रक लागलं. भाषेचा पेपर सकाळचा. वेळापत्रक मुलाला दाखवायच्या आधीच तो आनंदाने सांगत आला, नव्या दुकानाचं पहिलं मोठं काम मिळालं. एक नवरदेव आणि त्याची सगळी टोळी, मित्र, भाऊ, काका, झाडून सगळे. त्याच सकाळी.

मी वेळापत्रक दाखवलं. त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, ‘बाबा, परीक्षा पुन्हा देता येते. हे लोक परत येणार नाहीत. आणि नवरदेवाच्या बापाने तुमचंच नाव सांगितलंय, दुसऱ्या कुणाच्या हातात तो मान देणार नाही. या वेळी राहू दे ना परीक्षा. चालेल ना?’

‘चालेल.’

लिहून बघितलं की हा शब्द किती छोटा दिसतो.

संचालकांची जागा गेली. जाऊ दे. नाहीतरी परीक्षा घेणाऱ्यांनी पेपर सकाळी ठेवायला नको होता. सगळी चूक त्यांची आहे. कामधंद्याची माणसं सकाळी मोकळी असतात का?

११ ऑक्टोबर

आज टॅक्सीवाल्याच्या कानामागे वस्तरा लागला. या हाताने असं कधी झालं नव्हतं. तुरटी फिरवली, माफी मागितली. तो म्हणाला, ‘काका, लक्ष कुठे आहे?’ मी म्हणालो, ‘खरंय.’

हिला सगळं सांगितलं, वेळापत्रक, नवरदेव, संचालक. वाटलं, मुलाला चार शब्द सुनावेल. तर म्हणाली, ‘त्याने तुम्हाला विचारलं ना? तुम्ही हो म्हणालात ना? मग आता माझ्यासमोर कुणावर दात-ओठ खाताय?’

‘त्याला कळायला नको का?’

‘कसं कळणार? मला कळायला निम्मं आयुष्य गेलं. त्याला कुठे एवढा वेळ आहे?’

सगळे मलाच बोलतात.

१४ ऑक्टोबर

सकाळी दुकान उघडायच्या आधी मुलाला गाठलं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं, तरी आवाज फाटला.

‘ते नवरदेवाचं काम. मी नाही येणार.’

‘म्हणजे?’

‘पेपर आहे.’

‘पण तुम्हीच चालेल म्हणालात!’

‘म्हणालो होतो. नाही चालणार.’

तो बघतच राहिला. ‘बाबा, त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी शब्दच दिला नसता ना. मी काय मनकवडा आहे? आता कुठल्या तोंडाने नाही सांगू त्यांना?’

टॉवेलच्या घड्या घालत बसलो. त्याची नजर नव्या खुर्च्यांवर गेली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, ‘खुर्च्या. त्या काढायलाही नको होत्या का?’

मी घडी घालत राहिलो.

‘बाबा, बोला ना!’

‘नको होत्या.’

वाटलं होतं आता आवाज चढवेल. पण तो नव्या खुर्चीत बसला आणि जमिनीकडे बघून म्हणाला, ‘म्हणजे इतके दिवस मी तुमच्या मनाविरुद्ध सगळं करतोय, आणि मला पत्ताच नाही. लोकांना सांगत फिरलो, आमचे बाबा किती साथ देतात.’

संध्याकाळी नवरदेवाच्या घरी जाऊन स्वतःच नाही सांगून आला. काय ऐकून घेतलं असेल देव जाणे. इतकं सरळ चाललेलं घर या परीक्षेने बिघडवलं. बाईंना भेटलो की सांगणार आहे.

२ नोव्हेंबर

पेपर झाला. आता नापास होणार हे पक्कं आहे.

सुरुवात बरी होती. उतारा झाला, कविता झाली. मग प्रश्न आला, ‘घरातील निर्णय मोठ्यांनी घ्यावेत व मुलांनी ते पाळावेत. या विधानाविषयी आठ ते दहा ओळींत आपले मत लिहा.’ मी नेहमीसारखी सुरुवात केली, मोठ्यांचंही बरोबर आहे. तिथेच पेन अडलं. ते वाक्य खोडलं. मग काय झालं ते मलाच नीट सांगता येणार नाही. हात थांबेना. निळ्या फुलाचा पेपरवेट आला, सरबत आलं, नकाशा आला, माझा पोरगा आला, टेम्पोतल्या खुर्च्या आल्या. पर्यवेक्षकांनी विचारलं, ‘पुरवणी हवी का काका?’ मी वर न बघता हात पुढे केला. दोन-तीन पानं तरी भरली असतील. डोळ्यांत काहीतरी जात होतं, खिडकी उघडी होती.

मान वर केली तेव्हा शेवटची घंटा व्हायला आली होती. व्याकरण अर्धं राहिलं. जाहिरात लेखन तर पाहिलंच नाही. बाहेर आल्यावर पोरं बोलत होती, जाहिरात कशाची होती माहीत आहे? सलूनची! नव्याने सुरू झालेल्या सलूनची जाहिरात करा! माझ्या धंद्याचा प्रश्न, घरात नुकतंच नवीन दुकान, आणि मी तो कोरा सोडून आलो. असा गाढव दुसरा सापडायचा नाही.

मुलगा मोटरसायकल घेऊन गेटाशी उभा होता. मी बोलावलं नव्हतं. ‘कसा गेला?’ ‘वाईट.’ ‘बसा मागे.’ एवढंच.

२३ नोव्हेंबर

आज संचालक दाढीला आले. बोलायला नव्हते आले, पण फेस लावल्यावर बोलू लागले.

‘निकालाचं काय घेऊन बसलात? मी मार्ग काढलाय. दहावी पास एक तरुण मिळतोय. वर्गात तो बोलेल. तुम्ही मदतनीस म्हणून शेजारी उभे राहा, नुसते हात चालवा. कागदाची कटकटच नको. चालेल ना?’

नव्या पांढऱ्या दिव्यांत त्यांचा अर्धा गाल साबणाचा, अर्धा झालेला. चांगला माणूस आहे, माझ्याच भल्याचं सांगत होता. पेपर वाईट गेलेला. हो म्हटलं असतं तर सगळं जमलं असतं.

मी म्हणालो, ‘नाही.’

आरशात त्यांचे डोळे माझ्यावर आले. ‘काय नाही?’

‘शिकवायचं तर मी बोलणार. हात कसा धरायचा ते मी सांगणार. दुसऱ्याच्या बोलण्यावर मी हात हलवणार नाही.’

‘अहो, पण नापास झालात तर?’

‘तर पुन्हा बसेन. जागा ठेवायची तर ठेवा, नाहीतर भरून टाका.’

दुकानातल्या सगळ्या कात्र्या थांबल्या. माझ्या हातात वस्तरा होता हे नंतर लक्षात आलं. संचालक मान जराही न हलवता म्हणाले, ‘आधी दाढी पूर्ण करा.’ ती केली. नेहमीची मालिश नको म्हणाले. उठले, गेले.

हातातलं ताट लाथाडलं. पूर्वी मी असा नव्हतो. मध्यंतरी वकीलसाहेबांनाही म्हणालो, मला नाही तसं वाटत. तेव्हापासून ते मुलाच्या खुर्चीत बसतात आणि माझ्याशी वाद घालायला मान वळवत राहतात, त्यामुळे मुलाला त्यांचे कल्ले सारखे करता येत नाहीत. या शिक्षणाने माझी जीभ नासवली.

१८ डिसेंबर

पास. अगदी काठावर, पण पास.

ही रडली. मुलाने दुकानभर पेढे वाटल्यासारखा आरडाओरडा केला. तोंड गोड करायचं मात्र विसरला. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, ‘माझा विश्वास होता.’ मी म्हणालो, ‘मला नाही तसं वाटत बाई, तुम्ही कपाळाला हात लावायच्या.’ त्या हसत सुटल्या. संचालकांचाही फोन आला. जागा भरली नव्हती म्हणे. ‘सर, पहिल्या तारखेला या, बोलायचं तुम्हीच.’

सगळं झालं. पण मला एक गोष्ट पचत नाहीये. इतके कमी गुण कसे?

९ जानेवारी

तपासलेली उत्तरपत्रिका मागवून घेता येते असं कळलं. मागवली. त्या आठ ओळींच्या उत्तराला आठपैकी दोन! शेजारी शेरा, ‘शब्दमर्यादा ओलांडली. मत एकांगी.’

एकांगी! दोन्ही बाजूंचं लिहिलं तर मत नाही म्हणतात, आणि एका बाजूचं लिहिलं तर एकांगी. काल दिवसभर दुकानात जो आला त्याला दाखवलं. मुलगा म्हणाला, ‘बाबा, पास झालात, सोडा की.’ बाई म्हणाल्या, ‘काका, आता वाढून काय मिळणार?’ हिने मात्र माझी पिशवी काढून दिली.

आज फेरतपासणीच्या खिडकीवर रांग होती. सगळे रडकुंडीला आलेले, नापास झालेले. माझा नंबर आला. कारकुनाने गुणपत्रिका पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

‘अहो, तुम्ही पास आहात.’

‘माहीत आहे.’

‘पास झालेले इथे येत नाहीत, काका. गुण कमीसुद्धा होऊ शकतात. कशाला विषाची परीक्षा?’

‘मला हे दोन गुण मान्य नाहीत.’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘आवरा हो आजोबा.’ मी वळून म्हणालो, ‘थांबा जरा. माझं काम आहे.’ तो थांबला.

कारकुनाने उसासा टाकून अर्ज सरकवला. ‘हे घ्या. हरकतीचं कारण लिहा.’

कारणासाठी दोन ओळींची जागा सोडली होती. मी तिच्याकडे बघितलं, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला अगदी वरून सुरुवात केली.